ओढणारे दोन, सरकणार कुणाकडे?

घरचा अभ्यास : आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी



विज्ञानाच्या पेपरात एक गणित नेहमी विचारले जाते. खोक्याला एका बाजूला इतके न्यूटन बल, उलट बाजूला तितके न्यूटन बल. तर निव्वळ बल किती आणि खोके कोणत्या दिशेला जाईल? हिशेब पाहिला तर तिसरीच्या वजाबाकीचा. तरी नववी-दहावीतली चांगली हुशार मुलेमुली इथे गुण घालवतात. कुणी दोन्ही आकडे मिळवून मोकळे होते. कुणी बरोबर वजा करते, पण दिशा लिहायला विसरते. कुणी उत्तर शून्य आले की ‘वस्तू थांबेल’ असे ठोकून देते.

या मुलांना वजाबाकी येत नाही असे नाही. पुस्तकातले खोके आणि रोजचे काम यांची सांगड त्यांना कुणी घालून दिलेली नसते. ज्या घरात वडील हातगाडी ओढतात, आई विहिरीचे पाणी शेंदते, काका बाजार समितीत पोती वाहतात, त्या घराला बल म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. ते त्या घराने अंगावर रोज झेललेले असते. फक्त ते कागदावर कसे मांडायचे, एवढेच शिकायचे राहिलेले असते. आज ते शिकू.

आधी दिशा, मग आकडा

बल म्हणजे ओढणे किंवा ढकलणे. ते न्यूटन या एककात मोजतात. हे नाव आयझॅक न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञावरून पडले. त्यांनी गतीचे तीन नियम १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडले. एक किलो वस्तुमानाच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतका वाढवणारे बल म्हणजे १ न्यूटन.

व्याख्या पाठ करा, पण हाताला अंदाजही असू द्या. तळहातावर ठेवलेले १०० ग्रॅम शेंगदाणे हाताला जवळजवळ १ न्यूटनने खाली दाबतात. एक किलो साखर ९.८ न्यूटनने दाबते. हिशेबाला सोपे जावे म्हणून आज आपण १ किलोला १० न्यूटन धरू. म्हणजे ५० किलोच्या पोत्याचे वजन झाले ५०० न्यूटन. परीक्षेत ९.८ घ्या असे दिले असेल, तर तिथे ९.८ च घ्यायचे.

आता नियम. दोन बले एकाच दिशेला असतील तर त्यांची बेरीज करायची. दोन बले एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतील तर मोठ्यातून लहान वजा करायचे, आणि जे उरेल ते मोठ्या बलाच्या दिशेला. या उरलेल्या बलालाच निव्वळ बल किंवा परिणामी बल म्हणतात. घरच्या जमाखर्चासारखेच हे आहे. पगार आला, भाडे गेले, वाण्याचे गेले. शेवटी हातात काय उरले ते महत्त्वाचे. उसनवारी झाली तर तेही त्याच हिशेबात दिसते.

गणित कोणतेही असो, चार पायऱ्या सोडू नका :

१. कोणत्या वस्तूचा हिशेब करायचा ती एकच वस्तू ठरवा आणि तिच्यासाठी एक चौकोन काढा.

२. त्या वस्तूवर लागणारे प्रत्येक बल बाणाने दाखवा. बाणाशेजारी आकडा लिहा.

३. एक दिशा ‘अधिक’ धरा. उलट दिशेचे सगळे आकडे ‘उणे’.

४. सगळे आकडे एकत्र करा. उत्तरात तीन गोष्टी लिहा : आकडा, एकक आणि दिशा.

इथे भाषेचा एक खड्डा आहे. ‘उजवीकडून ढकलले’ म्हणजे ढकलणारा उजव्या बाजूला उभा आहे. त्याचा जोर जातो डावीकडे. ‘उजवीकडे ढकलले’ म्हणजे जोर उजवीकडे. एका ‘न’ने बाण उलटा होतो. म्हणून प्रश्न दोनदा वाचा आणि बाण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हातगाडी : सपाट, चढ आणि उतार

माल भरलेली एक हातगाडी घ्या. गाडी आणि माल मिळून ४०० किलो. सपाट रस्ता. पुढचा माणूस २२० न्यूटनने ओढतो. मागचा १६० न्यूटनने ढकलतो. चाके, आस आणि खराब रस्ता मिळून ३०० न्यूटनने अडवतात.

पुढची दिशा अधिक धरू. पुढचा माणूस अधिक २२०, मागचा अधिक १६०. दोघे समोरासमोर उभे नसले तरी दोघांचा जोर एकाच दिशेला आहे, म्हणून दोन्ही अधिक. रस्त्याचा अडथळा उणे ३००. एकूण : २२० + १६० − ३०० = ८०. निव्वळ बल ८० न्यूटन, पुढच्या दिशेला.

या ८० न्यूटनचे काय होते? न्यूटनचा दुसरा नियम सांगतो की बल = वस्तुमान × त्वरण. म्हणून त्वरण = ८० ÷ ४०० = ०.२. म्हणजे दर सेकंदाला गाडीचा वेग ०.२ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो. पाच सेकंदांत वेग झाला १ मीटर प्रति सेकंद. हा साधारण सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग.

आता गाडीला चालीचा वेग आला. पुढे तोच वेग राखायचा असेल तर किती जोर लागेल? फक्त ३००, अडथळ्याइतका. वरचे ८० वेग वाढवण्यासाठी लागले होते. ते काम झाले. ‘गाडी एकदा हलली की मग चालते’ असे हातगाडीवाले म्हणतात, त्यामागचा हिशेब हाच आहे. थांबलेली गाडी हलवण्यासाठी अडथळ्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो, चालती ठेवण्यासाठी अडथळ्याइतकाच.

हीच गाडी आता चढावर न्या. चढ असा की १० मीटर रस्ता चालले की १ मीटर उंची वाढते. गाडीचे वजन ४,००० न्यूटन. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ४०० न्यूटन, गाडीला उताराच्या दिशेने खाली ओढतो. रस्त्याचा अडथळा ३०० आहेच. चढताना दोन्ही आपल्या विरुद्ध. गाडी एकसारख्या वेगाने वर न्यायला ३०० + ४०० = ७०० न्यूटन लागणार. सपाटीच्या दुपटीहून जास्त! चढावर तिसरा माणूस का हाक मारून बोलवावा लागतो, ते आकड्यात दिसले.

आणि तोच रस्ता उतरताना? आता वजनाचा ४०० न्यूटनचा हिस्सा पुढे ओढतो. रस्त्याचा अडथळा ३०० मागे. कुणी हात लावला नाही तरी निव्वळ बल १०० न्यूटन, उताराच्या दिशेला. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर माणसांनी १०० न्यूटनने मागे ओढून धरले पाहिजे. सपाटीवर जो ढकलत होता, त्याचा बाण उतारावर उलटा झाला.

हात सुटला तर काय होते तेही करून पाहू. त्वरण = १०० ÷ ४०० = ०.२५. दहा सेकंदांनी वेग २.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. माणसाला धावावे लागते. वीस सेकंदांनी ५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, आणि मागे ४०० किलोचा माल. अशी सुटलेली गाडी समोर उभे राहून अडवायला जाऊ नये, हे प्रत्येक घरातल्या पोरांना सांगून ठेवा. उतार लागण्याआधीच मागे धरणारा माणूस हवा आणि चाकाखाली सरकवायला दगड हाताशी हवा.

शून्य म्हणजे ‘थांबले’ नव्हे

परीक्षेत जास्तीत जास्त गोंधळ होतो तो इथे.

विहिरीतून बादली शेंदायची आहे. पाण्यासह बादली १२ किलोची, म्हणजे वजन १२० न्यूटन, खाली. रहाटाचे घर्षण आपण सोडून देऊ. बादली पाण्याबाहेर काढून वर हलवायला आईने दोर १३२ न्यूटनने ओढला. निव्वळ बल १२ न्यूटन वर; त्वरण १२ ÷ १२ = १. बादलीचा वर जाण्याचा वेग वाढू लागला.

मग हात लयीत येतात. बादली एकसारख्या वेगाने वर येते. आता ओढ किती? बरोबर १२० न्यूटन. वर १२०, खाली १२०, निव्वळ बल शून्य. आणि बादली तर वर येतच आहे!

शेवटी काठाजवळ बादली हळू करायची असते. आई ओढ थोडी सैल करते, समजा १०८ न्यूटन. आता निव्वळ बल १२ न्यूटन, खाली. तरी बादली वरच येते आहे, फक्त तिचा वेग कमी होतो आहे.

एकाच बादलीच्या या तीन अवस्था नीट पाहा. तिन्ही वेळा बादली वर जात होती. निव्वळ बल मात्र आधी वर, मग शून्य, मग खाली. यातून हे लक्षात ठेवा : निव्वळ बल वस्तूची दिशा सांगत नाही, वेगात होणारा बदल सांगते. निव्वळ बल शून्य असेल तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेला चालत राहते. हा न्यूटनचा पहिला नियम. म्हणून उत्तर शून्य आले की ‘वस्तू थांबेल’ असे लिहू नका. ‘वस्तूच्या गतीत बदल होणार नाही’ असे लिहा.

कपाट हलत नाही तेव्हा

आता थोडे फसवे गणित. घरात लोखंडी कपाट आहे. त्याच्या तळाचे आणि फरशीचे घर्षण जास्तीत जास्त ३०० न्यूटनपर्यंत अडवू शकते. मुलीने ते उजवीकडे २०० न्यूटनने ढकलले. निव्वळ बल किती?

पुष्कळ मुले लिहितात : २०० − ३०० = उणे १००, म्हणून १०० न्यूटन डावीकडे. थोडे थांबून विचार करा. खरेच तसे असते, तर मुलीने उजवीकडे ढकलल्यावर कपाट डावीकडे, तिच्याच अंगावर चालून आले असते! असे कपाट कुणी पाहिले आहे काय?

घर्षण आपण होऊन कुणाला ढकलत नाही. ते फक्त अडवते, आणि तेही गरजेपुरते. तुम्ही ५० लावले तर घर्षण ५०. तुम्ही २०० लावले तर घर्षण २००. तीनशे ही त्याची शेवटची मर्यादा. म्हणून वरच्या गणितात घर्षण २०० न्यूटन डावीकडे, निव्वळ बल शून्य, कपाट जागच्या जागी.

मुलीच्या मदतीला भाऊ आला. दोघांनी मिळून ३५० न्यूटन लावले. घर्षणाची मर्यादा ओलांडली, कपाट सरकले. सरकू लागल्यावर घर्षण बहुधा थोडे कमी होते. समजा २६० झाले. आता निव्वळ बल ३५० − २६० = ९० न्यूटन, उजवीकडे. कपाट हलण्याआधी जड वाटते आणि मग एकदम सुटते, ते यामुळे. अशा वेळी पलीकडे लहान मूल उभे नाही ना, हे आधी पाहावे.

आणखी एक पायरी. भाऊ उजवीकडे २५० न्यूटनने ढकलतो आहे आणि बहीण पलीकडून डावीकडे १८० न्यूटनने. कपाटाची मर्यादा तीच ३००. आधी माणसांचा हिशेब करा : २५० − १८० = ७०, उजवीकडे. कपाट उजवीकडे सरकू पाहते, म्हणून घर्षण डावीकडे अडवणार. किती? गरजेपुरते, म्हणजे ७०. निव्वळ बल शून्य. भांडण कितीही झाले तरी कपाट तिथेच.

रस्सीखेच कोण जिंकते?

आपल्या वस्त्यांत जयंतीच्या क्रीडास्पर्धांत रस्सीखेच असतेच. हा खेळ १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्येही होता. दोन संघ, एक दोर, समोरासमोरची ओढ. विरुद्ध दिशेच्या बलांचे याहून ठळक उदाहरण नाही. पण त्यात एक कोडे आहे.

न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात. मग आपला संघ दोरातून समोरच्यांना जितका ओढतो, तितकेच समोरचे आपल्याला ओढतात. दोन्ही सारखेच, तर मग एक संघ जिंकतो कसा?

उत्तर पायांत आहे. संघ दोर ओढतो तेव्हा पायांनी जमिनीला पुढे रेटतो, आणि जमीन त्याला मागे रेटते. हा जमिनीचा रेटा ज्या संघाला जास्त मिळतो, तो जिंकतो. म्हणून जाणते खेळाडू अंग मागे झोकून टाच रोवतात. पाय घसरला की मनगटातली ताकद कामाला येत नाही.

हिशेब करू. प्रत्येक संघात आठ मुले, संघाचे वस्तुमान ४०० किलो. डाव्या संघाला जमीन ९०० न्यूटनने डावीकडे रेटते, उजव्या संघाला ८६० न्यूटनने उजवीकडे. दोन्ही संघ आणि दोर मिळून एकच वस्तू समजा. निव्वळ बल : ९०० − ८६० = ४० न्यूटन, डावीकडे. एकूण वस्तुमान ८०० किलो (दोराचे सोडून दिले). त्वरण = ४० ÷ ८०० = ०.०५. आकडा चिमुकला वाटतो, पण दहा सेकंदांत दोर अडीच मीटर डावीकडे सरकलेला असतो. एवढ्याशा ४० न्यूटनवर सामना जातो.

आणि क्रिया-प्रतिक्रिया का वजा झाल्या नाहीत? कारण त्या दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. एक आपल्यावर, दुसरी समोरच्यांवर. वजाबाकी फक्त एकाच वस्तूवरच्या बलांची करायची असते. म्हणूनच पहिली पायरी ‘एकच वस्तू ठरवा’ अशी आहे.

दोराला काय सोसावे लागते

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याने वाचावा असे वाटते, ती गोष्ट.

दोन्ही संघ तुल्यबळ आहेत. डावीकडे ९००, उजवीकडे ९००. निव्वळ बल शून्य. म्हणजे दोरावर काहीच ताण नाही काय? मुळीच नाही. दोरावर पूर्ण ९०० न्यूटनचा ताण आहे. शाळेत दोन ताणकाटे असतील तर एकमेकांत अडकवून पाहा. दोघांनी दोन बाजूंनी ओढले आणि एक काटा ५० न्यूटन दाखवत असेल, तर दुसराही ५० च दाखवतो. शून्य नाही आणि १०० ही नाही. एका बाजूचा माणूस काढून तो काटा भिंतीतल्या खिळ्याला अडकवला आणि तितकेच ओढले, तरी ५० च. भिंतही ओढणाऱ्याला तितकेच उलटे ओढते.

निव्वळ बल शून्य असणे म्हणजे बल नसणे नव्हे. बाहेरून सगळे शांत दिसते, पण आत ताण भरलेला असतो.

याची किंमत तैवानमध्ये मोजावी लागली. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेई शहरात सुमारे १,६०० लोकांची सार्वजनिक रस्सीखेच ठेवली होती. ओढता ओढता दोर तुटला आणि त्याच्या झटक्याने दोन पुरुषांचे डावे हात तुटून वेगळे झाले. डॉक्टरांना शस्त्रक्रिया करून ते हात पुन्हा जोडावे लागले.

आपला अंदाजी हिशेब करून पाहा. एका बाजूला ८०० माणसे. माणशी फक्त १०० न्यूटन धरले, म्हणजे १० किलो उचलण्याइतका जोर, तरी एका बाजूची ओढ ८०,००० न्यूटन होते. दुसऱ्या बाजूचीही तितकीच. निव्वळ बल शून्य, दोर जागेवर स्थिर. आणि त्या दोरावर ८ टन वजन टांगल्याइतका ताण! एकेका माणसाला वाटते, मी तर थोडेसेच ओढतो आहे. दोराला मात्र सगळ्यांचे मिळून सोसावे लागते. शिवाय ताणलेला दोर रबरासारखा असतो. तुटला की आत साठलेला सगळा जोर एका क्षणात उलटा फिरतो.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी एवढे पाळावे. संघात आठच खेळाडू असावेत; आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतात. ‘जितके येतील तितके धरा’ असा प्रकार करू नये. दोर खेळासाठीचा, जाडजूड असावा. मंडपाची किंवा सामान बांधायची नायलॉनची दोरी वापरू नये. झिजलेला, गाठ मारून जोडलेला दोर टाळावा. दोर मनगटाला, हाताला किंवा कमरेला कुणीही गुंडाळू नये, त्याला हातासाठी फास करू नये. नुसत्या मुठीत धरावा. आणि बघणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, दोराच्या रेषेत उभे राहू नये.

आईवडिलांसाठी

पालकहो, हे गणित तुम्हाला सोडवता आले पाहिजे असे नाही. तुम्ही मुलाच्या शेजारी बसून चार प्रश्न विचारा. कोणत्या वस्तूचा हिशेब करतोस? तिला कोण कोण ओढते, ढकलते, अडवते? प्रत्येकाचा बाण कुठे आहे? उत्तरापुढे दिशा लिहिलीस का? एवढे विचारायला शाळा शिकलेली असावी लागत नाही. उलट ‘अडवणारे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर, ज्याने आयुष्यभर ओझे ओढले आहे, तोच चटकन देतो. तुमच्या कामातले एखादे उदाहरण मुलीला सांगा आणि तिला त्याचे चित्र काढायला लावा. कामावरून दमून आल्यावरची ही दहा मिनिटे पुष्कळ कामाची आहेत. क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही. कागद, पेन्सिल आणि तुमचा अनुभव घरात आहेच.

सोडवून पाहा

१. एका खोक्यावर पूर्वेकडे ४५ न्यूटन आणि पश्चिमेकडे ७० न्यूटन बल लागते. निव्वळ बल किती व कोणत्या दिशेला?

२. ३० किलोची ढकलगाडी ९० न्यूटनने पुढे ओढली. घर्षण ३० न्यूटन. निव्वळ बल आणि त्वरण काढा.

३. १५ किलोची भरलेली बादली विहिरीतून एकसारख्या वेगाने वर येत आहे. दोराची ओढ किती? निव्वळ बल किती?

४. एका पेटीला फरशीचे घर्षण जास्तीत जास्त २०० न्यूटनपर्यंत अडवू शकते. भाऊ तिला उजवीकडे १८० न्यूटनने आणि बहीण डावीकडे ६० न्यूटनने ढकलते. घर्षण किती, कोणत्या दिशेला? पेटी हलेल काय?

५. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये उभा आहे. लिफ्टची फरशी त्याला ६६० न्यूटनने वर रेटते. निव्वळ बल किती? लिफ्ट वर जात आहे की खाली?

६. रस्सीखेचीत दोन्ही संघ प्रत्येकी २,००० न्यूटनने ओढत आहेत. दोर स्थिर आहे. निव्वळ बल किती? दोरावरचा ताण किती?

उत्तरे (आधी स्वतः सोडवा, मगच पाहा)

१. २५ न्यूटन, पश्चिमेकडे.

२. ६० न्यूटन पुढे; त्वरण ६० ÷ ३० = २ मीटर प्रति सेकंद वर्ग.

३. ओढ १५० न्यूटन. निव्वळ बल शून्य.

४. भावंडांच्या जोराचा फरक १२० न्यूटन उजवीकडे. तो २०० च्या आत आहे, म्हणून घर्षण १२० न्यूटन डावीकडे. पेटी हलणार नाही.

५. माणसाचे वजन ६०० न्यूटन खाली, रेटा ६६० वर. निव्वळ बल ६० न्यूटन, वर. पण लिफ्ट वर जाते की खाली हे एवढ्यावरून सांगता येत नाही. ती वर जाताना वेग वाढवत असेल, किंवा खाली येताना वेग कमी करत असेल. बादलीचे उदाहरण आठवा.

६. निव्वळ बल शून्य. ताण २,००० न्यूटन.

पाचवे आणि सहावे ज्यांनी न पाहता बरोबर सोडवले, त्यांना हा धडा समजला असे खुशाल म्हणावे. ज्यांचे चुकले त्यांनी चौकोन आणि बाण काढून पुन्हा करावे, आणि वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाला किंवा मुलीला समजावून सांगावे. शिकवताना आपलेही पक्के होते. समोरासमोरच्या नव्हे, तर तिरक्या दिशेने लागणाऱ्या बलांचा हिशेब कसा करायचा, ते पुढच्या वेळी पाहू.